ओस पडलेल्या बागेत डॉग पार्क: पहिल्या मोजणीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

जवळजवळ प्रत्येक प्रभागात अशी एक बाग असते. उद्घाटनाची संगमरवरी पाटी शाबूत, पण कारंजं कोरडं, झोपाळ्याच्या साखळ्या गेलेल्या, ओपन जिमची पेडलं गंजलेली. सकाळी सहा ते आठ या वेळात फेऱ्या मारणारे येऊन जातात. मग दिवसभर शुकशुकाट आणि दिवेलागणीनंतर मागच्या कोपऱ्यात बाटल्या. मुलींनी बागेतून जाणारी जवळची वाट सोडून लांबचा रस्ता धरलेला असतो. तक्रार केली की भिंत उंच होते, फाटकाला कुलूप लागतं. आतलं बाहेरून दिसेनासं झालं की बाग आणखी बिघडते.

अशा बागेला हवी असतात रोज, ठरल्या वेळी, न चुकता येणारी माणसं. कुत्रा पाळणारा माणूस तसा असतो. त्याला पहाटे बाहेर पडावं लागतं आणि रात्री जेवणं उरकल्यावरही. श्रावणातली सर असो की जानेवारीतली थंडी, कुत्रं दाराशी जाऊन उभं राहिलं की निघायलाच लागतं. बागेत इतर कोणी नसतं नेमक्या त्याच वेळी ही माणसं रस्त्यावर असतात. त्यांना बागेत डॉग पार्क, म्हणजे कुत्री मोकळी सोडायला कुंपण घातलेली जागा, दिली तर बागेचे रिकामे तास भरतात. आमच्या भागातल्या अशाच एका बागेच्या कामात मी सुरुवातीपासून होते. या कामात नव्याने पडणाऱ्यांनी काय कोणत्या क्रमाने करावं, ते लिहिते आहे.

हे कुठे झालं आहे

न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क आहे, सुमारे साडेदहा एकरांचं. १९८० च्या दशकात ते अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी बदनाम होतं. बेघर लोकांचे तंबू तिथे होते आणि ऑगस्ट १९८८ मध्ये तिथे पोलिस आणि लोक यांच्यात मोठी चकमक झाली. १९९० मध्ये त्या बागेत कुत्र्यांना पट्टा सोडून फिरवण्यासाठी कुंपण घातलेली जागा झाली, त्या शहरातली पहिली. १९९१ मध्ये बाग नूतनीकरणासाठी बंद झाली आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडली. पुढे तिथली ऑक्टोबरमधली कुत्र्यांची वेशभूषा मिरवणूक शहरभर गाजली.

पण कुत्र्यांमुळे ती बाग सुधारली असं मी कुणाला सांगणार नाही. पोलिसांचा बंदोबस्त, परिसरातली वाढलेली घरभाडी आणि तंबूत राहणाऱ्यांना हुसकावून लावणं, हे सगळं त्यात होतं. त्यातलं शेवटचं मला आजही टोचतं. तुमच्या बागेतल्या बाकावर रात्री कोणी झोपत असेल तर तोही त्या बागेचा माणूस आहे. महापालिकेच्या रात्र निवाऱ्याची माहिती काढा, त्याच्याशी बोला. ‘स्वच्छता मोहीम’ म्हणून त्याचं गाठोडं फेकू नका.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. हैदराबादच्या कोंडापूरमध्ये कचरा टाकला जायचा त्या जागेवर तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये डॉग पार्क उघडलं. सुमारे १.३ एकर जागा आणि जवळपास १.१ कोटी रुपये खर्च. हा आकडा वाचून घाबरू नका. आपल्याकडे बाग आधीच आहे, पाणी आहे, भिंत आहे. आपल्याला तिचा एक कोपरा हवा आहे.

सुरुवात वहीपासून

अर्ज, आराखडा, बैठक, सगळं नंतर. आधी दोन आठवडे मोजणी करा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दोन-दोन तासांचे रकाने पाडा. आठवड्यातले निदान चार दिवस, त्यात एक रविवार. प्रत्येक रकान्यात बागेत किती माणसं, त्यात बायका किती, लहान मुलं किती, ज्येष्ठ किती, कुत्रा घेऊन बाहेरच्या रस्त्याने जाणारे किती. कोणता दिवा बंद आहे, कोणता कोपरा बाहेरून दिसत नाही, बाटल्या कुठे सापडतात, हेही त्याच वहीत. आमच्या वहीत दुपारच्या आणि रात्री आठनंतरच्या रकान्यांत ओळीने शून्यं होती, आणि त्याच वेळी फाटकाबाहेरच्या पदपथावर कुत्री घेऊन चाललेली माणसं. ते पान दाखवल्यावर आम्हाला फार बोलावं लागलं नाही.

ही वही जपून ठेवा. वर्षभराने कोणी विचारलं ‘काय फरक पडला?’ तर दुसरं उत्तर आपल्याकडे नसतं.

मोजताना एक गोष्ट लक्षात येईल. कुत्री फिरवणाऱ्यांत निम्मी माणसं मालक नसतात. घरकाम करणाऱ्या ताई असतात, सोसायटीचा वॉचमन असतो, पैसे घेऊन चार-चार कुत्री फिरवणारा मुलगा असतो. मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यांपैकी कोणीही नसतं. रोज बागेत येणार आहेत ते हेच लोक, म्हणून पहिल्या बैठकीचं बोलावणं यांनाही द्या, आणि त्यांच्या कामाच्या वेळा सोडून बैठक ठेवा.

जागा कोणाची, कशासाठी राखलेली

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक मोकळ्या जागेवर आरक्षण असतं: उद्यान, खेळाचं मैदान, शाळा. उद्यानाच्या जागेत कुत्र्यांसाठी कोपरा मागणं सोपं जातं. खेळाच्या मैदानावर मागू नका. मुलांचं मैदान कमी करून कुत्र्यांना जागा दिली तर विरोध होईल आणि तो रास्त असेल. आरक्षण कळत नसेल तर नगररचना विभागात विचारा, नाहीतर माहिती अधिकारात, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली, अर्ज करा. त्याच अर्जात या बागेवर गेल्या तीन वर्षांत देखभालीसाठी किती खर्च झाला हेही विचारून घ्या.

झाडांच्या बाबतीत महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. फांदी छाटायची असली तरी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुंपणाच्या खांबासाठी बुंध्यालगत खोदायचं असेल तरी आधी विचारा. खरं तर तिथे खोदूच नका, मुळं तुटतात.

विरोध करणाऱ्यांकडे आधी जा

लाफ्टर क्लबचे आजोबा, लहान मुलं घेऊन येणाऱ्या आया, आणि बागेचे माळी. या तिघांकडे अर्ज टाइप करण्याच्याही आधी जा. कागदावर सही घ्यायला जाऊ नका, ऐकायला जा.

कुत्रा चावण्याची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचत नाही. ज्यांच्या घरात कोणाला चौदा इंजेक्शनांच्या काळात कुत्रा चावलाय त्यांना ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य ऐकवू नका. त्यांना कुंपण किती उंच, फाटक कुठे, लसीचा कागद कोण तपासणार, हे सांगा. आमच्या इथे सगळ्यात जोरात विरोध करणाऱ्या काकूंनी एकच मागणी केली होती: कुत्री आत जाण्याचा रस्ता घसरगुंडीच्या समोरून नको. मागणी अगदी बरोबर होती. आम्ही फाटक दुसऱ्या बाजूला, थेट रस्त्यावर उघडणारं केलं. त्यामुळे पट्टा बांधलेलं कुत्रंसुद्धा उरलेल्या बागेतून जात नाही.

माळीमामांचा प्रश्न वेगळा असतो: ‘घाण कोण उचलणार?’ त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी, लेखी द्या. विष्ठा ज्याच्या हातात पट्टा आहे त्याने उचलायची. माळ्याने नाही, सफाई कर्मचाऱ्यानेही नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरानेही १९७८ मध्ये कायदा करून हीच सवय लावली. त्याआधी तिथलेही लोक सोडून जायचेच.

कुंपणाआधी वेळ वाटून बघा

नवखे लोक इथे घाई करतात. निधी मिळतो, जाळी लागते, आणि सहा महिन्यांनी कळतं की जागा चुकली. त्याआधी तीन महिन्यांची चाचणी मागा.

न्यूयॉर्कमध्ये ठरावीक बागांत, बाग उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून बाग बंद होईपर्यंत कुत्री पट्टा सोडून फिरवायला परवानगी असते. वर्षानुवर्षं ही नुसती पद्धत होती, २००७ मध्ये ती रीतसर नियमात आली. आपल्याकडे बागा लहान आणि सकाळची गर्दी मोठी, म्हणून ते जसंच्या तसं चालणार नाही. तुमच्या वहीत जे शून्याचे रकाने आहेत ते मागा. समजा दुपारी दोन ते चार आणि रात्री आठ ते दहा, फक्त मागच्या कोपऱ्यात, तात्पुरती हिरवी जाळी लावून आणि सगळी कुत्री पट्ट्यातच. उन्हाळ्यात दुपारची वेळ सोडून द्या, तापलेल्या जमिनीवर पंजे भाजतात. या तीन महिन्यांत कोण नियमित येतं, कोण नुसतं ग्रुपवर बोलतं, पाणी कुठे साचतं, सगळं कळतं. पालिकेच्या अधिकाऱ्यालाही ‘चाचणी’ या शब्दावर सही करणं सोपं जातं.

आखणी

इथे जरा थांबून लिहिते, कारण पैसा इथे खर्च होतो आणि चुकाही इथेच होतात.

परदेशी मार्गदर्शनात एक एकर जागा आदर्श सांगतात, म्हणजे चाळीस गुंठे. आपल्याला तेवढी कुठली मिळायला! पाच गुंठ्यांत सुरुवात होते, दहा मिळाले तर उत्तम. एक हिशेब मात्र मांडून बघा. पाच गुंठे म्हणजे साधारण ६६ बाय ८२ फूट, कुंपण लागतं सुमारे ३०० फूट. दहा गुंठे म्हणजे ९९ बाय ११० फूट, कुंपण ४१८ फूट. जागा दुप्पट झाली तरी जाळी दुप्पट लागत नाही. अधिकारी खर्चाचं कारण सांगू लागले तर हा कागद पुढे करा.

कुंपण पाच फूट उंच, चेनलिंक म्हणजे विणलेल्या तारेच्या जाळीचं. पत्रा किंवा भिंत नको, कारण आतलं बाहेरून आणि बाहेरचं आतून दिसणं हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. जाळीच्या वरच्या टोकाला अणकुचीदार काटे नकोत. खाली जमिनीत काँक्रीटची पट्टी घ्या, नाहीतर कुत्री उकरून बाहेर येतात. कोपरे काटकोनात ठेवू नका, तिरके किंवा गोलसर करा. घाबरलेलं कुत्रं काटकोनी कोपऱ्यात अडकतं आणि मग चावतं.

फाटक दुहेरी हवं. बाहेरचं फाटक, मग निदान आठ बाय आठ फुटांची मोकळी चौकट, मग आतलं फाटक. चौकटीत आल्यावर बाहेरचं लावायचं, पट्टा सोडायचा, मग आतलं उघडायचं. एका फाटकावर पैसे वाचवले तर पहिल्याच आठवड्यात कुत्रं सुटून रस्त्यावर जातं. माती-मुरूम आणणारा टेम्पो जाईल एवढं तिसरं रुंद फाटक कुलपात ठेवा.

दहा-बारा किलोच्या आतल्या कुत्र्यांसाठी वेगळा भाग करा. जागा नसेल तर वेळ वेगळी ठेवा. पॉमेरेनियन आणि लॅब्राडॉर मित्र असतात हे खरं, पण मोठं कुत्रं खेळताना अंगावर पडलं तरी लहान कुत्र्याचं हाड मोडू शकतं.

जमिनीवर काय घालायचं यावर भांडणं होतात. हिरवळ दोन महिन्यांत जाते, कारण लघवीतलं नत्र तिला जाळतं आणि उरलेली पायांखाली जाते. कृत्रिम गवत आपल्या उन्हात तापतं आणि वास धरतं. पेव्हर ब्लॉक ठेकेदाराला आवडतात, कुत्र्यांना नाही: तापतात, नखं घासतात, फटींत घाण राहते. मला स्वतःला दाबलेला बारीक मुरूम सगळ्यात योग्य वाटतो. खाली खडीचा थर, शंभर फुटांना एक-दीड फूट उतार आणि उताराच्या टोकाला चर. पाऊस पडून गेल्यावर तासाभराने डबकं दिसता कामा नये. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, कुत्र्यांनाही आणि माणसांनाही.

सावलीसाठी असलेली झाडं पुरेशी असतात. नवी लावायची तर करंज, कडुनिंब. बुंध्याभोवती दगडांचं कडं करा म्हणजे रोजच्या लघवीने साल खराब होणार नाही. आधीपासून लावलेली झुडपं मात्र नीट तपासा. महापालिकेच्या बागांत आणि दुभाजकांवर कण्हेर सर्रास असते, तिची पानं-फुलं-साल सगळं विषारी. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, सायकस, एरंड, घाणेरी, यांतलं काहीही कुंपणाच्या आत नको. काढताना माळीमामांना कारण सांगा, त्यांनी ती हाताने वाढवलेली असतात.

पाण्याला नळ आणि जमिनीलगत वाहून जाणारी कुंडी. भरून ठेवलेली बादली नको, डासही होतात आणि रोगही पसरतात. बाकं सगळी फाटकाशी एका ओळीत ठेवू नका. माणसं तिथेच बसून राहतात, कुत्री तिथेच जमतात, आणि आत येणाऱ्या नव्या कुत्र्यावर सगळी तुटून पडतात. बाकं आत, लांब-लांब. एखादं बाक कुंपणाबाहेर, जाळीकडे तोंड करून ठेवा. ज्यांच्याकडे कुत्रं नाही ते बघायला बसतात. आमच्या इथे ते बाक कधी रिकामं दिसत नाही.

अर्ज आणि पैसा

अर्ज उद्यान विभागाला, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि पशुवैद्यकीय विभागाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका. तोंडी होकाराला पुढच्या बदलीनंतर काही अर्थ उरत नाही. आमचा एक अधिकारी मनापासून मदत करत होता, त्यांची बदली झाली आणि आम्ही चार महिने मागे गेलो, कारण त्यांचा होकार कागदावर नव्हता.

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. म्हणून मागणी दिवाळीच्या आधी पोचायला हवी, जानेवारीत गेलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली लहान कामं सुचवण्याची सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आहे, तिथे फाटक, दिवे, पाणी अशी कामं सुटी-सुटी मागता येतात. कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही मदत मिळू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या यादीत प्राणी कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र कंपनीकडे जाताना उभारणीबरोबर तीन वर्षांची देखभालही मागा. पहिल्या वर्षी फाटकाची कडी मोडते आणि तिच्यासाठी कुणाकडेच पैसे नसतात.

बागेत आधीपासून राहणारी कुत्री

त्या बागेत तीन-चार भटकी कुत्री असतीलच. ती त्यांची जागा आहे. त्यांना पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागी सोडायचं असतं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती बघून ठेवा. ज्यांची झाली नाही त्यांच्यासाठी पशुवैद्यकीय विभागाला अर्ज द्या. हे कुंपणाचं काम सुरू होण्याआधी करा. याबाबत न्यायालयांचे नवे आदेश येत असतात, म्हणून विभागाकडून त्या दिवशीचा नियम विचारून घ्या.

त्यांना खाऊ घालणारी माणसंही असतात, बहुतेक वेळा एखाद्या आजी. त्याच नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि वर्दळ कमी असेल त्या वेळेला ठेवायला सांगितलं आहे. आजींबरोबर बसून ती जागा ठरवा. कुंपणाच्या आत मात्र खाणं अजिबात नको, बिस्किटसुद्धा नाही. कुत्र्यांची भांडणं बहुतेक खाण्यावरून आणि चेंडूवरून होतात.

नियमांची पाटी

पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत, दहा ओळींच्या वर नको. कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजची लस हवीच. चार महिन्यांच्या आतली, लसी पूर्ण न झालेली पिल्लं नकोत, पार्व्हो या विषाणूची लागण जमिनीतून होते. माजावर आलेली कुत्री घरीच. एका माणसाबरोबर दोनच कुत्री. लहान मुलं आत एकटी नकोत. पट्टा हातात, माणूस आत. शी झाली की लगेच उचला. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे फाटकाशी पेटीत ठेवा आणि झाकणाचा डबा शेजारी, म्हणजे ‘पिशवी विसरले’ हे कारण उरत नाही. कुत्र्याची विष्ठा बागेच्या खतखड्यात टाकू नका, जंत तिथून पसरतात.

शेवटची ओळ ठळक: कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रुग्णालयात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

पाटी पाळायला लावायला माणसं लागतात. दर आठवड्याला दोन जणांची पाळी लावा. त्यांनी भांडायचं नाही, फक्त नवीन आलेल्याला फाटक कसं उघडायचं ते दाखवायचं आणि लसीचा कागद फोनवर बघायचा. आमच्या पाळीत कुत्री फिरवणारा मुलगा असतो तेव्हा नियम सगळ्यात नीट पाळले जातात, कारण प्रत्येक कुत्र्याचं नाव त्याला ठाऊक आहे.

पहिला पावसाळा

शक्य असेल तर उद्घाटन पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये करा, म्हणजे मुरूम बसायला आठ महिने मिळतात. मे महिन्यात चर साफ, जाळीच्या खालची पट्टी तपासायची, दिव्यांची तक्रार आधीच नोंदवायची. जूनमध्ये गोचीड वाढतात, त्या वेळी पशुवैद्यांना बोलावून बागेतच तपासणी ठेवा आणि भटक्या कुत्र्यांनाही त्यात धरा. जोरदार पावसाचे दोन-तीन दिवस आतला भाग सरळ बंद ठेवा आणि फाटकावर तसं लिहा, नाहीतर वर्षभराचा मुरूम एका रविवारी चिखल होतो. गणपतीनंतर वाहून गेलेल्या जागी नवा मुरूम टाकून दाबून घ्या. मग तीच वही काढा, तेच रकाने, तेच चार दिवस, आणि मोजायला बसा. फक्त कुत्रेवाले मोजू नका. रात्री आठच्या रकान्यात मुली किती, घसरगुंडीशी मुलं किती, ते आधी बघा.